दोन इंचांचा हट्ट

"तुमच्या धनुष्याला हे झेपणार नाही," असं धनुष्यबाणांच्या दुकानातल्या मुलीने मला सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. ती माझ्या मुलीपेक्षाही लहान असेल. मी मेकॅनिकल इंजिनिअर. तीस वर्षं ओहायोतल्या कारखान्यात बिजागऱ्या, गिअर आणि स्प्रिंगा डिझाइन करून नुकताच रिटायर झालेला. आणि ही मला बाणाची पाती शिकवणार!

धनुष्य हातात आलं ते शेजाऱ्यामुळे. आमच्या ओहायोतल्याच डब्लिन गावातल्या घराला लागून एक म्हातारा अमेरिकन राहतो, जन्मभर धनुष्याने शिकार केलेला. हरणांनी आमच्या परसातली मेथी, वाल आणि बायकोचा झेंडू तिसऱ्यांदा फस्त केला तेव्हा मी कुंपणाशी उभा राहून मराठीत शिव्या देत होतो. तो हसला आणि म्हणाला, "ये, शिकवतो." खांद्याचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे माझं धनुष्य हलकं, अठ्ठेचाळीस पौंडांच्या ताणाचं. दोन वर्षं मी त्याच्या अंगणात फोमच्या ठोकळ्यावर बाण मारले. या वर्षी शिकारीचं लायसन्स काढलं. त्याच्या बहिणीच्या शेतावर जायचं ठरलं.

बायको शुद्ध शाकाहारी. कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो, त्यामुळे ती मला कधी घाबरलेली नाही. तिने भांडण केलं नाही, फक्त अट घातली. "एका बाणात जीव गेला पाहिजे. जखमी होऊन कुठेतरी तडफडत पडलं, तर तुझं हे धनुष्य त्याच दिवशी घराबाहेर. आणि मी तुला माफ करणार नाही, हे सिरियसली सांगतेय."

सगळं आलं बाणाच्या टोकावर. शिकारीच्या बाणाला वस्तऱ्यासारखी धारदार पाती लागतात. एक प्रकार घट्ट बसवलेल्या पात्यांचा. तो माझ्या हातून सरळ जाईना, दर वेळी डावीकडे पळायचा. दुसरा मेकॅनिकल. उडताना पाती मिटलेली, लागल्याक्षणी छत्रीसारखी उघडतात. मिटलेला बाण सरळ जातो म्हणून मेकॅनिकल घ्यायचं ठरलं. मग मी एक्सेल शीट काढली. सोळा मॉडेल, अकरा रकाने. त्यातलं सर्वांत रुंद जखम करणारं निवडलं, दोन इंच, तीन पाती. जखम मोठी म्हणजे मरण लवकर, इतका साधा हिशोब. पाती उघडायला लागणारी ताकद शेवटी बाणाच्याच ताकदीतून जाते, हे ती मुलगी सांगत होती. मी ऐकून घेतलं आणि दोन इंचीच घेऊन आलो.

चार दिवसांनी दसरा. आमच्याकडे पाटावर दरवर्षी माझा जुना व्हर्निअर कॅलिपर, दोघांचे लॅपटॉप आणि तिची शिलाई मशीन असते. यंदा धनुष्य आणि तीन नवी टोकं वाढली. बायकोने कुरकुर न करता त्यांचीही पूजा केली. ओलं हळद-कुंकू, अक्षता, वर हरणांपासून वाचलेला एकुलता एक झेंडू. मला इतकं बरं वाटलं की मी ते पुसलंच नाही. शनिवारी शेजाऱ्याच्या अंगणात पहिला बाण पूजेतलाच मारायचा, असंही ठरवून टाकलं.

बाण मधोमध लागला. मी बायकोकडे ऐटीत बघितलं. म्हातारा ठोकळ्याजवळ वाकला आणि म्हणाला, "भोक आहे, काप कुठाय?"

खरंच, पेन्सिल खुपसल्यासारखं गोल भोक. बाण काढला तर तिन्ही पाती मिटलेलीच. बिजागरीत कुंकू वाळून सिमेंट झालं होतं आणि एका खाचेत तांदळाचा अख्खा दाणा अडकला होता. म्हाताऱ्याने विचारलं हे काय आहे. मी म्हटलं, "आशीर्वाद." तो हसून हसून खुर्चीतच बसला. मलाही हसू आवरेना.

बायको मात्र हसत नव्हती. "म्हणजे हे हरणाला लागलं असतं, तर?"

लागलं असतं, आणि ते तसंच पळून गेलं असतं.

टोक धुतलं, तेल घातलं, पुन्हा मारलं. आता पाती छान उघडली, पण बाण जेमतेम चार बोटं आत जाऊन थांबला. सगळा जोर उघडण्यातच खर्च झाला. दाणा काढला तरी चूक उरलीच होती, आणि ती माझी होती. तांदळाने फक्त वेळेवर चुगली केली. मला स्वतःचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. "तू म्हणालीस तेच बरोबर होतं," हे वाक्य मी एकदाचं उच्चारलं. पोरगी चांगली, टोमणा मारला नाही. तिने सव्वा इंची, दोनच पात्यांचं, सहज उघडणारं टोक दिलं. तेच मग मी दोन आठवडे मारत राहिलो. बाण दरवेळी ठोकळ्याच्या पार निघायला लागला, तेव्हा बायको म्हणाली, "आता जा."

शेतावर पहिल्या सकाळी आम्ही दोघं झाडावरच्या मचाणात बसलो. हरणाची एक मादी आली, पण तोंड माझ्याकडे करून. समोरून एका बाणात जीव जाईलच असं नाही, म्हणून मी धनुष्य ओढलंच नाही. तासाभराने दुसरी आली, वीस यार्डांवर कूस माझ्याकडे करून उभी राहिली. बाण सुटला. ती ओढ्याकडे धावली, थबकली, आणि बसावं तशी खाली बसली. पुन्हा हलली नाही. म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मी झाडावरून उतरून बायकोला फोन लावला.

"एकाच बाणात," मी म्हटलं. "काही सेकंदांत गेली. तडफडली नाही."

मला वाटलं आता ती बरं म्हणेल, किंवा आणखी एखादी अट घालेल.

"आणि तू?" तिने विचारलं. "तू ठीक आहेस ना रे?"

तोपर्यंत मी अगदी ठीक होतो. त्या प्रश्नानंतर मात्र फोन तसाच कानाला धरून गवतात बसलो आणि ढसाढसा रडलो. ती फोन न ठेवता ऐकत राहिली.