दिलशादची शेवटच्या बाकावरची माणसं

फोन वाजला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. उचलला, तर पलीकडून कुणी बोलेना. श्वास तेवढा ऐकू येत होता. मी ओळखलं, युसूफभाई. त्यांचं पहिलं अक्षर अडकलं की असंच होतं, अनोळखी माणूस फोन लागला नाही असं समजून ठेवून देतो. "भाई, मीच आहे. सावकाश बोला," मी म्हणाले आणि थांबले. त्यांचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं करायचं नाही, ही शिस्त मला त्यांच्या बायकोनंच लावली होती. बऱ्याच वेळानं "दि… दि…" असं आलं आणि मग, "दिलशाद गेली." पुढचं मात्र कुठंही न अडकता आलं. "पहाटे फजरच्या नमाजनंतर चहा मागितला तिनं. मी घेऊन येईपर्यंत झोपली होती."

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. दिलशाद कुमारवयीन मुलामुलींसाठी कादंबऱ्या लिहायची हे अनेकांना ठाऊक आहे. कुठल्या ना कुठल्या पोरीच्या दप्तरात तिचं पुस्तक सापडलं नाही असं आमच्या शहरात घर विरळाच. पण ती ज्या माणसांवर लिहायची, त्यांतली पहिली दोन माणसं आम्ही दोघीच होतो, ती आणि मी, हे सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

पोलीस ॲक्शन होऊन निजामी गेली, त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. दिलशादचे अब्बा हिमरूच्या शाली विणायचे. घरात सगळं शिक्षण उर्दूतलं. पण अब्बा म्हणाले, राज बदललं, आता पोरीला मराठी आली पाहिजे, आणि त्यांनी तिला आमच्या मुलींच्या शाळेत आणून बसवलं. ती बाईंपेक्षाही उंच होती. पुस्तक उघडायची ते उर्दूच्या सवयीनं मागच्या बाजूनं. पहिल्याच दिवशी पोरींनी तिचं नाव ठेवलं 'चांदमिनार'. मी त्याच वर्षी सोयगावहून मामांकडं शिकायला आले होते. बाईंनी काही विचारलं की माझ्या तोंडून "व्हय" निघायचं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा. म्हणून मी बोलणंच सोडून दिलं होतं. उंचीमुळं ती मागं, गप्प राहण्यासाठी मी मागं. शेवटच्या बाकावर आमची गाठ पडली.

"तू बोलत का नाय?" तिनं मला विचारलं.

"माझं लई गावठी हाय," मी म्हणाले.

"अगं, तुझं गावठी, माझं उलटं. दोघी मिळून एक मराठी होतंय का बघू!"

तसंच झालं. मी तिला काना-मात्रा शिकवल्या, तिनं मला मान वर करून बोलायला. पोरी 'चांदमिनार' म्हणून ओरडल्या की ती थांबायची, कंबरेत वाकायची आणि म्हणायची, "हौ, बोला. वरून ऐकू येत नाय." हसणाऱ्यांची मग पंचाईत व्हायची.

युसूफभाई तिला भेटले ते गुलमंडीच्या एका बोळात. तिथं त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दिलशाद तेव्हा अध्यापिका विद्यालयात शिकत होती. घरचा रेडिओ बंद पडला म्हणून धाकट्या भावाला घेऊन ती दुकानात गेली. युसूफभाई अंगानं बारीक, उंचीला तिच्या कानापर्यंत. काय बिघडलंय ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि 'व' पाशी अडकले. गिऱ्हाइकं त्यांची वाक्यं नेहमी आपणच पुरी करून टाकायची, काही जण तर नक्कल करायची. ही नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मला सांगते, "अगं शांते, तो व्हॉल्व्ह म्हणेपर्यंत मी दुकानातल्या सगळ्या रेडिओंचे काटे बघून घेतले. कुठला काटा कुठं थांबलाय ते पाठ झालं. पण तो शब्द त्याचा त्यानं म्हटला, आणि काय हसला गं…"

पुढं दिलशादच्या घरचा रेडिओ फार वेळा बिघडू लागला.

तिच्या घरी हे स्थळ कुणाला पसंत नव्हतं. शेजारपाजारचे तर म्हणायचे, नवरा ठेंगू, त्यात तोतरा, निकाहात 'कुबूल है' तरी म्हणता येईल का? अब्बांनी शेवटी होकार दिला. निकाहाच्या दिवशी मी पडद्याआड तिच्या शेजारी बसले होते. बाहेर काझीसाहेबांनी युसूफभाईंना विचारलं आणि सगळं शांत झालं. 'क' अडकला होता. कुणीतरी खाकरलं, कुणीतरी हसलं. काझीसाहेब बिचारे मदतीला म्हणून शब्द सुचवायला लागले. तेवढ्यात माझ्या शेजारून खणखणीत आवाज गेला, "ठैरो जी! उनकू बोलने दो!" नवरीचा आवाज पडद्याबाहेर गेलेला. बायकांनी तोंडाला पदर लावले. पण बाहेर सगळे थांबले, आणि युसूफभाईंनी तिन्ही वेळा कबुली दिली, हवा तेवढा वेळ घेऊन. पुढं घरात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं तरी ती त्यांचं वाक्य कधी तोडत नसे. स्वतःच सांगायची, "निम्मा राग तर वाट बघण्यातच निघून जातो."

आम्ही दोघी नंतर एकाच शाळेत शिकवायला लागलो. नववी-दहावीच्या पोरी वह्यांच्या कव्हरात घालून प्रेमाच्या कादंबऱ्या वाचायच्या. एकदा तिनं एक धरली. पोरीला रागावली नाही, घरी नेऊन स्वतः वाचली आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं ठेवली. "नायिका केतकीसारखी गोरी, नायक डॉक्टर, दारात मोटार. ह्यात आपल्या वर्गातली एक तरी पोरगी हाय का गं?" नव्हती. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं 'दोघांची उंची' लिहिली. अजिंठ्याची एक उंच मुलगी आणि लेण्यांपाशी खड्यांच्या माळा विकणारा, अडखळत बोलणारा मुलगा. पुस्तकात दोघं एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. ती त्याच्या बोलण्याची वाट बघते, तो तिच्याबरोबर बाजारातून चालतो. एवढंच.

एवढंच आणि तरी पोरं ती कादंबरी पानं सुटेस्तोवर का वाचत होती? मी पुष्कळ वर्षं शिकवलंय, म्हणून ठामपणे सांगते. पंधराव्या वर्षी प्रत्येक पोराला वाटत असतं की देवानं आपल्यालाच वाकडं घडवलंय. कुणाचे दात पुढं, कुणाचा आवाज फुटलेला, कुणाच्या घरची भाषा वेगळी. ज्यांना आपण देखणं म्हणतो त्यांनाही आतून तसंच वाटतं. अशा वेळी देखण्या माणसांची प्रेमकथा वाचून स्वप्न पडतं, पण धीर येत नाही. धीर येतो तो कुणीतरी आपल्यासारख्याच विजोड पोरीकडं न हसता बघितलं, हे वाचून. ते प्रेम पुढं टिकलं की नाही, याला फार महत्त्व नाही. मीही कुणाला आवडू शकते, एवढं एकदा कळलं की ते जन्मभर पुरतं.

सगळ्यांनाच हे पटलं असं नाही. पालकसभेत शाळेच्या समितीवरचे एक गृहस्थ 'दोघांची उंची' हातात घेऊन उभे राहिले. "बाई, तुम्ही पोरींना गणित शिकवता का प्रेम?"

"प्रेम मी शिकवत नाय साहेब. ते त्यांना आधीच येतंय. मी त्यांची लाज थोडी कमी करते."

सभेत कुजबुज झाली. मोठ्या बाईंनी तिला बसायची खूण केली. ती बसली नाही. "तुम्ही वाचलंय का हे?" तिनं गृहस्थांना विचारलं.

"वाचल्याशिवाय बोलतोय का? तो पोरगा तिला स्टँडवर सोडायला येतो…"

"मग?"

"मग काय, गाडी सुटायला आली तरी त्याच्या तोंडून शब्द निघत नाय. कंडक्टर बेल मारतोय. आणि ती पोरगी कंडक्टरला म्हणते, जरा थांबा, ह्याचं बोलणं व्हायचंय…" गृहस्थ बोलता बोलता थांबले. आवाज उतरला होता. "कंडक्टर थांबतोय बघा," ते हळूच म्हणाले आणि खाली बसले. मी उभी राहून म्हणाले, असं पुस्तक लिहिणारी बाई आपल्या शाळेत आहे याचा मला अभिमान वाटतो. माझ्यामागून दोन-तीन पोरींच्या आयाही उठल्या.

तरी व्हायचं ते झालंच. शाळेच्या कपाटातून पुस्तक काढलं गेलं. यापुढं असं लिहिणार नाही असं लिहून द्या, नाहीतर नोकरीचा विचार करावा लागेल, असंही तिला सांगण्यात आलं. तिनं लिहून दिलं नाही. बाकीच्या कामात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती, तिच्या वर्गाचं गणित शाळेत सगळ्यांत चांगलं, नोकरी टिकली. आणि रविवारी दुपारी पोरी तिच्या घरी जमायला लागल्या. पुढच्या खोलीत चटया पसरून एकेक जण मोठ्यानं वाची, बाकीच्या वाद घालत. त्या गृहस्थांची मुलगीही यायची. त्यांनी सभेला आणलेली प्रत मात्र शाळेला कधी परत मिळाली नाही.

आणखी कादंबऱ्या झाल्या. तिच्या रविवारच्या पोरींच्या पोरी आल्या, मग नाती. हातात मोबाइल आले तरी चटया रिकाम्या राहिल्या नाहीत. शेवटच्या महिन्यांत तिला बसवत नव्हतं, पलंगावर पडून ऐकायची. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "शांते, आजकालच्या पोरी म्हणतात नायक थोडा येडा हाय. मी म्हटलं, असू दे. शहाण्यांचं शहाणे बघून घेतील."

परवाच्या रविवारी मी तिकडं गेले. युसूफभाईंनी खोली झाडून चटया टाकल्या होत्या. पलंग भिंतीला लावला होता. दहा-बारा पोरी, दोन पोरगेही, दाटीवाटीनं बसले होते. चष्मेवाली एक मुलगी 'दोघांची उंची' वाचत होती. स्टँडचा प्रसंग आला तेव्हा दोघी-तिघींचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. पुढं अगदी रंगात आलेलं असताना तिनं पुस्तक मिटलं आणि सगळे चपला शोधायला लागले.

"अगं, एक पान राहिलं की!" मी म्हणाले.

"ते इथं वाचत नाहीत आजी," ती म्हणाली. "दिलशादआपाचा नियम हाय. शेवटचं पान ज्यानं त्यानं घरी जाऊन एकट्यानं वाचायचं. तिथं रडू येतंय का हसू, ते कुणाला दाखवायचं नाय."

इतक्या वर्षांची मैत्रीण, आणि हा नियम मला ठाऊक नव्हता. मी तिचं सगळं लिखाण कच्चं असतानाच वाचायची ना, तिच्यासमोर बसून.

युसूफभाईंनी त्याच पुस्तकाची एक प्रत काढून माझ्या पिशवीत घातली. घरी आले, दार लावून घेतलं, खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि ते शेवटचं पान वाचलं. एकटीनं.