सेफ्टीसाहेब आणि पुढचा ब्रेक

१४ मार्च, गुरुवार. हवा कोरडी. नळाला पाणी वेळेवर आले. धाकट्याने लेकीच्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक अंगणात उघडला. हे पाहून त्याच्या बायकोने मिक्सर कपाटात ठेवून कुलूप लावले.

ही नोंद त्याच्या थोरल्या बहिणीची. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहत होती. धाकटा म्हणजे सेफ्टीसाहेब. एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून त्यांनी जन्म काढला, पण हातात कधी पाना धरला नाही. यंत्रे फार खडखडतात अशी तक्रार आली, की ते यंत्राकडे फिरकत नसत. कामगारांना कानात घालायचे बोळे वाटत आणि फाइलवर 'तक्रार निकाली' असा शेरा मारत. वरच्या लोकांना या पद्धतीचे फार कौतुक. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी साहेबांना भिंतीवरचे घड्याळ दिले. तेही आवाज न करणारे.

आता लेकीला नोकरी लागली होती. आज पहिलाच दिवस, दुपारची पाळी, आणि वाटेत पुलाचा लांब उतार. पुढचा ब्रेक दाबला की गाडी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी किंचाळे. लेक गॅरेजात टाकते म्हणाली, तर साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्याने जन्मभर चारशे लोकांची सुरक्षा सांभाळली, त्याच्या घरची गाडी परक्याच्या हाती?

चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारे पॅड, एवढीच काय ती भानगड. साहेबांनी बोल्ट काढून चिमटा सोडवला, पॅड उलटेसुलटे करून पाहिले आणि निदान केले, की सगळे कोरडे पडले आहे. मग शिलाई मशीनचे तेल आणून तबकडीला तान्ह्या बाळासारखे मालीश केले. पॅडही उपाशी ठेवले नाहीत. सगळे परत बसवून चाक फिरवले, ब्रेक दाबला. चिडीचूप.

"ताई, लिहून ठेव," ते पायरीवर बसलेल्या बहिणीला म्हणाले. "तक्रार निकाली."

"लिहिते की. गाडी थांबते का तेही बघून ये, म्हणजे एकदमच लिहीन."

साहेब तोऱ्यात गल्लीच्या उतारावर गेले. ब्रेक दाबला. आवाज आला नाही, आणि गाडीही थांबली नाही. जीव खाऊन दाबला, तरी ती आपली लोण्यावरून घसरल्यासारखी चालली. शेवटी मागचा ब्रेक आणि दोन्ही चपला कामी आल्या, तेव्हा कोपऱ्यावरचे फाटक वाचले. कोणी पाहिले नव्हते. ते गाडी ढकलत घरी आले. बहिणीने विचारल्यावर म्हणाले, जरा व्यायाम झाला.

लेक हेल्मेट घालून तयारच होती. बायकोने ब्रेक दाबून गाडी पुढेमागे हलवली आणि म्हणाली, खरेच की, आवाज गेला, मी उगीच शंका घेतली. लग्न झाल्यापासून साहेब या वाक्याची वाट पाहत होते, आणि ते आले ते अशा मुहूर्तावर. हवा कमी वाटते, ते पुटपुटले. लेकीने टायर दाबून दाखवला, टणक होता. पेट्रोल? कालच भरलेले. तिने गाडीवर बसून किल्ली फिरवली. साहेब गाडीसमोर उभे राहिले आणि त्यांनी हँडल घट्ट धरले.

"उतर."

"बाबा, पहिल्याच दिवशी उशीर करायचाय का?"

"ब्रेक लागत नाही. मी त्याला तेल लावलं."

"ब्रेकला? कशाला?"

"ओरडत होता म्हणून."

बायकोला आधी हसू फुटले. मग तिची नजर लेकीकडे गेली आणि हसू तिथेच विरले. लेकीने किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि बजावले, की गॅरेजवाल्याला फोन करा, आणि काय केलेत ते काही न लपवता सांगा. मग ती रिक्षाने गेली.

साहेबांनी फोन केला. तेलाचे सांगितले, मालिशीचे सांगितले, फाटकाचेही सांगितले. कारणासकट दिलेला हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच अपघात-अहवाल. पलीकडून बराच वेळ नुसते खोकल्यासारखे काहीतरी ऐकू येत होते. मग उत्तर आले, की तेल प्यालेले पॅड आता फेकायचे, नवे घेऊन येतो, तोवर गाडीला हात लावू नका.

रात्री पाळी संपवून लेक वेळेवर घरी आली. जेवणाआधी बहिणीने डायरी उघडून लिहिले: धाकट्याचे हात स्वच्छ होईपर्यंत कपड्यांचा साबण संपला. उद्या आणणे.