शुक्रवारचा दादा

गळ्यातली ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी डोक्यावरून काढायची, तिची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवायची आणि खुर्चीत मागे रेलत म्हणायचं, "चला, संपली इंग्रजी." दर शुक्रवारी संध्याकाळी तो असाच बसायचा. मग आम्हीही आपापल्या पट्ट्या काढायचो. एखाद्या नव्या माणसाच्या तोंडून सवयीने "सर" निघालं, की तो हात वर करून त्याला थांबवायचा. "इथं सर कुणी नाही. दादा म्हण."

त्याला मी इथं 'तो' म्हणते आहे. तोंडावर कधी एकेरी बोलले नाही. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत आमचा अख्खा मजला त्याच्या हाताखाली होता. तिथं तो मराठीचा एक शब्द बोलत नसे. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच असलो तरी वीकेंड कसा गेला हे इंग्रजीतच विचारायचा. मजल्यावर चिनी, मलय, तमिळ, फिलिपिनो असे सगळेच. त्यांच्यासमोर आपण आपल्या भाषेत कुजबुजणं बरं दिसत नाही, हे त्याचं म्हणणं मलाही पटायचं. पण आठवडाभर दाबून ठेवलेली भाषा शुक्रवारी कशी बाहेर पडते, ते परदेशात राहिलेल्यांना सांगायला नको.

सिंगापूरचे बार त्याला तोंडपाठ होते. पुण्या-मुंबईहून नवा माणूस आला, की सुरुवातीचे काही शुक्रवार तो त्याला फिरवून आणायचा आणि प्रत्येक ठिकाणाचा निकाल लावायचा. क्लार्क कीला पर्यटक फार. बोट कीला शेजारच्या टेबलावर हमखास कुणीतरी देशी बँकवाला कान लावून बसलेला. गच्चीवरच्या बारमध्ये वारा इतका, की वाक्य समोरच्यापर्यंत पोचतच नाही. हॉलंड व्हिलेज चांगलं, पण तिथं अंधार पडला की गाणी मोठी होतात. "जिथं ऐकू येत नाही तिथं प्यायचं कशाला?" असं तो म्हणायचा आणि आम्ही हसायचो. केवढा गप्पिष्ट माणूस, असं मला वाटायचं.

शेवटी सगळी वरात यायची ऑफिसजवळच्याच एका साध्या पबमध्ये. बाहेरचं कोपऱ्यातलं टेबल, डोक्यावर घरघरणारा पंखा आणि संध्याकाळी एका बिअरवर दुसरी फुकट. टेबलाच्या मधोमध बिअरचा उंच नळा येऊन उभा राहायचा, त्याला खाली तोटी. त्या तोटीचा ताबा दादाकडे. पंगतीत वाढणाऱ्यासारखा तो आग्रह करकरून प्रत्येकाचा पेला भरायचा आणि स्वतः एका पेल्यावर संध्याकाळ काढायचा. शाकाहारी मंडळींसाठी फ्रेंच फ्राइज, माझ्यासाठी लिंबू-सोडा. त्या टेबलावर बाई मी एकटीच, आणि मी यायलाच हवं हा त्याचा हट्ट. बहीण समोर असली की पोरं वाह्यात बोलत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

आणि मराठी काय बोलायचा! 'बापडा', 'घुम्या', 'चकाट्या' असले शब्द पेढ्यासारखे तोंडात घोळवायचा. कुणी "चेक करतो" म्हटलं की लगेच टोकायचा, "बघतो म्हण की रे."

एका दिवाळीत मी त्याच्या बेडोकच्या घरी फराळाचा डबा घेऊन गेले. बायको इथेच जन्मलेली, तमिळ घरातली, अतिशय शालीन. तिच्याशी त्याचं सगळं बोलणं इंग्रजीत. मुलगा इथली सैन्यातली सक्तीची नोकरी करत होता, सुट्टीला घरी आला होता. दादाने त्याला हाक मारून मराठीत सांगितलं, "ये, चकली खा, आत्याने आणलीय." मुलाने मोबाइलवरून मान वर न करता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत उत्तर दिलं, "पा, डोन्ट स्टार्ट लाह." दादा हसला. मग मला लिफ्टपर्यंत सोडायला आला आणि लिफ्ट दोनदा जाऊ दिली. सुरळीच्या वड्या, डोंबिवलीची शाळा, आई गेल्यापासून रविवारचा बंद पडलेला फोन. आई होती तोवर आठवड्यात दोनदा मराठी व्हायचं, आता शुक्रवारच राहिलाय, असं तो म्हणाला. मला गलबलून आलं होतं, हे मी नाकारणार नाही.

आता दुसरी बाजू. तुमच्याही ऑफिसात असा कुणी असेल, तर तुम्ही ती एव्हाना ओळखली असेल.

आमच्यातल्या निखिलने एकदा बिअरच्या भरात सांगितलं, की लंडनच्या लोकांचा फोन आला की त्याला घाम फुटतो. दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, स्वतःच्या पहिल्या नोकरीतली फजिती रंगवून सांगितली आणि त्याला पोट धरून हसवलं. वर्षअखेरीला निखिलच्या नावापुढे शेरा आला: बाहेरच्या लोकांसमोर आत्मविश्वास कमी. मी एका शुक्रवारी बोलून गेले, की आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करतोय. लवकरच हाँगकाँगचं काम माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं गेलं. "फॉर युअर ओन कम्फर्ट," ऑफिसातल्या त्याच्या काचेच्या खोलीत तो म्हणाला, आणि इतक्या सौजन्याने म्हणाला, की मी थँक्यू म्हणून बाहेर आले. जागेवर बसल्यावर मला तो शुक्रवार आठवला.

तरी आम्ही जातच राहिलो. प्रत्येकाला वाटायचं, आपल्या बाबतीत योगायोग झाला असेल. आणि मराठीत सांगितलेलं इंग्रजीत ऑफिसात पोचेल, यावर मनाचा विश्वासच बसत नव्हता. मराठीत बोललो म्हणजे घरात बोललो, ही चूक आपलीच माणसं करू जाणोत. साहेब चिनी असता तर आमच्यापैकी एकानेही त्याच्यापुढे असं काळीज उघडं केलं नसतं.

मंदार कराडचा. सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचा आणि दादावर जीव टाकायचा. त्याच्या मुलीला नुकताच शाळेत प्रवेश मिळाला होता, त्यासाठी नवराबायको किती धावले होते ते आम्ही पाहिलं होतं. इथं नोकरी गेली की कामाचा पास, म्हणजे परवाना, जातो, आणि पासाबरोबर बायकापोरांचं राहणंही जातं. मंदारच्या पासाची मुदत संपत आली होती. बँक तो वाढवून मागेल की नाही, या धास्तीने त्याने पाया लेबार भागातल्या एका कंपनीत मुलाखत दिली आणि ती गोष्ट एका शुक्रवारी दादाला बाजूला घेऊन त्याच्या कानावर घातली. त्याला सल्ला हवा होता. "बिनधास्त जा," दादा म्हणाला. "पण तिकडचं पत्र हातात पडेपर्यंत इथं कुणापाशी बोलू नकोस." मंदार टेबलाशी परत आला तेव्हा त्याचा चेहरा इतका हलका झालेला होता, की मी त्याला कारण विचारलं, आणि त्याने हसून विषय बदलला.

पुढच्याच आठवड्यात काचेच्या खोलीत त्याला ऐकवण्यात आलं, की तुम्ही पाया लेबारला संधी शोधताय असं समजतं, तेव्हा बँकेने तुमच्यासाठी पास मागणं योग्य होणार नाही. तिकडची कंपनीही नंतर गप्प झाली. त्या दुपारी फूडकोर्टमध्ये मंदार समोरचा भात नुसता चिवडत होता.

"ताई, मी दादाला सांगितलं होतं," तो म्हणाला. "सरांना नव्हतं सांगितलं."

त्याचा निरोप समारंभ दादानेच केला. त्याच टेबलावर, स्वतःच्या खर्चाने. घरी चाललायस, नशीबवान आहेस, कराडची माती, आईच्या हातचं जेवण, असं बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला आणि तो चक्क रडायला लागला. ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं. आणि मंदार, ज्याची मुलगी त्या वेळी घरी खोक्यात खेळणी भरत होती, तो दादाच्या पाठीवरून हात फिरवत त्याची समजूत काढत होता. मला त्या दिवशी दादाची किळस आली.

त्यानंतरही शुक्रवार चालू राहिले, कारण न जाणंही नजरेत भरलं असतं. पण बोलण्यात जीव राहिला नाही. घरभाडं, गर्दी, कुठल्या हॉकर सेंटरला डोसा बरा मिळतो. दादा खोदून खोदून विचारायचा आणि आम्ही पुन्हा डोशावर यायचो. हल्ली तुम्ही मनातलं बोलत नाही, अशी तक्रार तो करायचा. ते त्याला मनापासून लागत होतं, हे दिसायचं.

मग त्याला बढती मिळाली. असल्या माणसांना ती मिळतेच. पोलंडमधल्या कुठल्याशा शहरात बँकेचं नवं ऑफिस निघत होतं, त्याचा तो प्रमुख. बायको-मुलगा इथेच राहणार. तिकडे आपलं माणूस औषधालाही नाही, हे सांगताना त्याचं तोंड उतरलं होतं.

निरोपाला आम्ही सगळे गेलो. बिअर आली, त्याने पेले भरले आणि निखिलने विचारलं, "सो, व्हेन डू यू फ्लाय?" दादा म्हणाला, आता शेवटचं तरी मराठीत विचार की रे. निखिलने मान हलवली आणि तिकडची थंडी कशी असते ते इंग्रजीत विचारलं. त्याच्या शेजारच्याने घराबद्दल विचारलं, तेही इंग्रजीत. हे कुणी ठरवलं नव्हतं, देवाशपथ. पण तिसऱ्या माणसापर्यंत आलं, तेव्हा टेबलावरच्या प्रत्येकाला कळलं होतं आणि दादालाही कळलं होतं.

आम्ही त्याच्याशी वाईट वागलो नाही. कोट कुठला घ्यावा, विमान कुठे बदलावं, सगळं आपुलकीने विचारलं. त्याने मराठीत एक जुना विनोद सांगितला, आम्ही पाहुण्यासमोर हसावं तसं बेताचं हसलो. त्याने आईची आठवण काढली. "सो सॉरी टू हिअर दॅट," कुणीतरी म्हणालं. त्याने तोटी उघडून पुन्हा सगळ्यांचे पेले भरले. मला वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त बरं वाटत होतं.

उजेड होता तोवरच तो उठला. टॅक्सीपर्यंत मी गेले, बहीण ना मी. दार उघडून तो आत बसला, आणि मी ते लावणार तेवढ्यात त्याने हाताने दार धरून ठेवलं.

"तू तरी बोल," तो म्हणाला. "काहीही बोल. शिवी दे मला, पण मराठीत दे."

शिव्या माझ्या जिभेवर होत्या. मी कोल्हापूरची आहे, मला त्यांची ददात नाही. त्यातली एक जरी दिली असती, तरी तो तृप्त होऊन विमानात बसला असता, आणि ते मला नको होतं.

"हॅव अ सेफ फ्लाइट, सर," मी म्हणाले आणि त्याचा हात हळूच बाजूला करून दार लावलं.