मोत्याच्या नावाची हाक

“या, पुढं व्हा,” म्हणत आमचे जंगलखात्याचे नाकेदार पायवाटेच्या तोंडाशी थांबायचे आणि कुत्र्याला आधी जाऊ द्यायचे. मोत्या ऐटीत पुढं, सरकारी माणूस मागं. गाव हसायचं. तुम्हीही हसला असता. एकमेकांना अरे-तुरे करणाऱ्या त्या मुलखात कुत्र्याला अहो-जाहो करणारा हा एकटाच.

मी तेव्हा उमरीजवळच्या एका गावात मास्तर होतो. निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, शाळा बंद, म्हणून सकाळी नाकेदारांबरोबर सागाच्या रानात फिरायला जायचो. ते बोलायचे कमी, आणि जे बोलायचे ते मोत्याशी. “बसा जरा. पाणी पिऊन घ्या.” मी मुकाट्यानं बसायचो, मग कळायचं की मान माझा नव्हताच.

एकदा न राहवून कारण विचारलं.

“घरातून लागलेली सवय हाय, मास्तर.”

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. लेकरू असतं तर बायकोनं त्याच्या नावानं हाक मारली असती. लेकरू नव्हतं. मग ती नवऱ्यासाठी दारातून कुत्र्याच्या नावानं ओरडायची, “मोत्या, जेवायला या.” दोघंही धावायचे.

“पयलं कुत्रंच पोचायचं,” म्हणून ते हसले. बायको पटकीच्या साथीत गेली होती. त्यांना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

त्या उन्हाळ्यात मोत्या कशाच्या तरी मागं झाडीत घुसला, तो परतलाच नाही. त्या अंगाला बिबट्या होता. आम्ही दिवसभर रान पालथं घातलं. नाकेदार ओढ्याकाठी उभे राहून सूर लांबवून हाका मारत होते, “मोत्या, घरी या.” मला ते ऐकवेना. सांजेला नुसता गळ्यातला पट्टा सापडला.

पुढं त्यांनी लोह्याकडं बदली मागून घेतली. मी मुदखेडला गाडीपर्यंत सोडायला गेलो.

“लोह्याकडं तर सगळी शेतंच. रानाशिवाय करमेल का तुम्हाला?”

“रानाचं काय न्हाई, मास्तर. मोत्या होता तवर वाटायचं, एखाद्या सांजेला ती दारातून हाक मारील. आता कोणाच्या नावानं मारील?”

गाडी हलली तेव्हा फार वाईट वाटलं, हाक मारायला तोंड उघडलं. त्या घडीला ‘नाकेदार’ म्हणवेना, आणि त्यांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.