थीम पार्कच्या आधीचं अस्वल

नाव वाचून तुमाला वाटलं असंल, आता हा गडी पान्याच्या घसरगुंड्या सांगंल, उलटे फिरनारे पाळने सांगंल, आन् शेवटी पोरांचे हसरे चेहरे बघून डोळे पुसंल. तर तसलं काय न्हाई. या गोष्टीत आमी पार्कात पोचतच न्हाई. पार्काच्या फाटकाबाहेर उभं राहून काढलेला फोटोसुदिक माझ्याकडं न्हाई. वाचायचं तर वाचा, न्हायतर ठिवून द्या. मी रुसनार न्हाई.

मी मामा हाय. हे आधीच सांगतो, कारन पुढचा सगळा घोळ त्या पदामुळं झाला. तिसगावात मोबाईलच्या दुकानात कामाला हाय, पन गावात वळख दुसरीच, आवाज काढनारा. शाळेच्या गॅदरिंगला मी हेडसरांचा आवाज काढला तवा हेडसर सोडून सगळी शाळा हसली हुती. तवापासून एसटीचा कंडक्टर, शेवगावच्या बाजारातला लिलाववाला, दुकानाचा मालक, कोनीच सुटलं न्हाई. लोक म्हनतात, "कला हाय पोराच्या गळ्यात." आई म्हनते, "गळ्यातच हाय, वर डोक्यात काय चढली न्हाई."

माझ्या ताईला जुळी हायेत. एक पोरगा, एक पोरगी, नुकतंच तिसरं वर्ष लागलेली. ती झाल्यापासून ताई दवाखाना सोडून कुठं गेली न्हवती. एक दिवस तिनं मोबाईलवर पुन्याकडच्या थीम पार्काचा व्हिडिओ बघितला आन् मला फोन केला. ताई कधी काय मागत न्हाई. स्वतःच्या लग्नाच्या साडीला "कुठलीबी चालंल" म्हनलेली बाई ती. पन त्या दिवशी म्हनाली, "एकदा जायचंच हाय रं मला. पोरांचं निमित्त. खरं तर मलाच बघायचंय." त्यासाठी तिनं नवा पंजाबी ड्रेससुदिक शिवून घेतला. लग्नानंतरचा पहिलाच.

दाजी टेम्पो चालवतात. त्यांनी कशीबशी दोन दिवसांची भाडी नाकारली. ताईच्या सासूबाई, मी त्यांना मावशी म्हनतो, त्यांनी एकच अट घातली. आधी जावळ, मग पार्क. देवीच्या गडावर पोरांची पहिली केसं उतरवल्याबिगर पोरं जिल्ह्याबाहेर जानार न्हाईत. आन् जावळ म्हनलं की मामा आला. पोरगं मामाच्या मांडीवर बसलं की मगच न्हावी कात्री लावनार. ताईला भाऊ मी एकटाच. तवा रविवारी सकाळी माझ्या मांडीवर जावळ, दुपारी पुन्याला ताईच्या जावंकडं मुक्काम, सोमवारी पार्क. बिघडावं असं यात काय हुतं का, तुमीच सांगा.

शनिवारी मी ताईच्या सासरी गेलो. ओट्यावर बसून दाजी मोबाईलवर पार्काचे नियम वाचू लागले. कुठल्या पाळन्याला पोरगं किती उंच पायजे, ते लिहिलेलं. मी जुळ्यांना दाराच्या चौकटीला उभं केलं आन् टेपानं मापं घेतली. पोरगा टाचा वर करून उभा राहिला तरी एकाबी पाळन्यात बसंना.

"मेव्हनं," दाजी म्हनाले, "एवढं डिझेल जाळून यांनी तिथं काय करायचं? पार्किंग बघायचं?"

शेवटी यादीत उरल्या दोनच गोष्टी. एक छोटी झुकझुक गाडी. आन् दुसरं, पोरांशी हात मिळवत फिरनारं भलंमोठं अस्वल. म्हंजे आत मानूस, वरून अस्वल.

ताईचं तोंड उतरलं. "अस्वल बघून ही दोघं पार्क डोक्यावर घेतील. मिक्सर लावला तरी माझ्या गळ्याला लटकतात. रडकी पोरं कडेवर घेऊनच फिरायचं तर घरी काय वाईट हाय?"

"ते माझ्यावर सोड," मी म्हनलो.

माझ्या आयुष्यातली निम्मी भांडनं या वाक्यानं सुरू झालीत.

तिसगावात आमचा मंडपवाला हाय. वाढदिवसाला नाचायला त्याच्याकडं अस्वलाचा पोशाख असतो. माझी युक्ती अशी, पोरांना घरीच अस्वलाची सवय लावायची. अस्वल अंगनात येनार, पोरं जरा दचकनार, मी पटकन मुंडकं काढनार, "अरे, हा तर मामा!" पोरं टाळ्या पिटनार. मग पार्कातल्या अस्वलात बी त्यांना मामाच दिसनार. मी लगेच गाडी काढली, तिसगावला गेलो आन् पोशाख आनला. मुंडकं मागच्या सीटवर दोरीनं बांधलेलं. त्याचा एक डोळा कुठल्या तरी वाढदिवसात गेलेला. मागचा ट्रॅक्टरवाला ओव्हरटेक करायचं सोडून त्या दुसऱ्या डोळ्याकडं बघत आला.

दुपारी अस्वल अंगनात शिरलं. पोरं बाजंवर मावशीजवळ खेळत हुती. ताई आत भाकरी थापत हुती. हे आत असनं लक्षात ठिवा.

पोरं दचकली. ठरल्याप्रमानं. मी मुंडकं काढायला गेलो, तर मुंडक्याची चैन माझ्या कॉलरीत अडकली. ती काय ठरल्याप्रमानं न्हवती. मी ओढतोय, आत घामाची आंघोळ, भायेर दोन भोंगे सुरू. मग मला वाटलं, वळखीचा आवाज ऐकला की पोरं गप हुतील.

मी दाजींचा आवाज काढला, "काय रं वाघांनो, येता का टेम्पोत?"

पोरं गप झाली. हिकडं तिकडं पप्पा हुडकू लागली. दाजी पोट धरून बसले. झालं, मला चेव आला. मावशींचा आवाज काढला. मावशी खुदकन हसल्या. मग मी हुकमी पत्ता टाकला, ताई.

"अय मुडद्यांनो! दोन घास खाता का न्हाई? जीव खाल्ला तुमी माझा! जाते बघा एक दिवस निघून, मग बसा बोंबलत!"

मावशी खांबाला धरून हसल्या. दाजींनी मांडीवर थाप मारली. पोरगी तेवढी हसली न्हाई. ती बाजंवरून उतरली, जवळ आली आन् वाकून अस्वलाच्या तोंडात बघू लागली.

"आई?" ती आत बघत म्हनाली.

मी आतून ताईच्याच आवाजात "ओ" दिली. हुशारी बघा.

"आई खाल्ली!" पोरगी अशी किंचाळली की शेजारची म्हस दावं तोडू लागली. तेवढ्यात चैन तुटली, मुंडकं निघालं आन् आतून निघाला मामा. पोरांच्या डोक्यात हिशोब पक्का बसला. आईला गिळनारं अस्वल म्हंजे हाच. ताई पिठाच्या हातानं भायेर आली तवा दोघं तिच्या पायाला चिकटली आन् जेवायला सुदिक सुटली न्हाईत. ताईनं माझ्याकडं एकदा बघितलं आन् पोरांना तशीच घेऊन चुलीकडं वळली. मला वाटलं, वाचलो.

रविवारी गडावर सगळी तयारी झाली. न्हावी आला, नारळ आला, मामाला नवी टोपी आली. मी पाटावर मांडी घालून बसलो. दाजींनी पोराला माझ्याकडं आनलं, तर ते हवेतच धनुष्यासारखं वाकलं. "अछवल! अछवल!" पोरगी तर पायरीवरूनच मागं पळाली. मी हसून बघितलं, चॉकलेट दावून बघितलं, पाठ फिरवून बघितलं. मांडी रिकामीच.

"दुसऱ्या कुनाच्या मांडीवर घ्या की," न्हावी म्हनाला.

"मामाच्या मांडीबिगर कात्री लागायची न्हाई," मावशी म्हनाल्या. कालचं हसू कुठल्या कुठं.

दाजी म्हनाले, "मेव्हनं, काढा की लिलाववाल्याचा आवाज. ही मांडी कोन घेतंय का बघू."

दुपारी पोरगा दमून झोपला तसा त्याला अलगद माझ्या मांडीवर ठिवला. न्हाव्यानं श्वास धरून कात्री चालवली. एक बाजू झाली. दुसरीला हात घालनार तवर पोरानं डोळे उघडले, वर बघितलं, आन् अर्ध्या डोक्यानिशी आईकडं पळालं. न्हाव्याला पुढच्या गावचं बोलावनं हुतं. "उद्या बघू" म्हनून त्यानं पेटी उचलली.

उद्या म्हंजे सोमवार. म्हंजे पार्क.

ताईनं पंजाबी ड्रेसची घडी पुन्हा घातली आन् पिशवीच्या तळाला सारली. ते मी बघितलं. त्यावर काढायला माझ्याकडं कुठलाच आवाज न्हवता.

सोमवारी पुन्हा गड, पुन्हा न्हावी. मी पाटावर बसलो, पोरं मावशींच्या मागं लपली. ताई समोर येऊन उभी राहिली आन् सुटली.

"पार्क गेलं ते गेलं. पन मी अशी बोलते का रं? दिवसभर पोरांना हेच बोलते मी? भाकरी थापताना आतून ऐकलं सगळं. माझ्या सासूला, नवऱ्याला हसायला दिलंस मला!" दाजी लगेच नारळाची शेंडी तपासू लागले. "कधी काय मागितलं का मी? एक दिवस मागितला, तो तू अस्वलाच्या तोंडात घातलास. मुडद्या, जीव खाल्ला तू माझा!"

शब्द तेच, शनिवारचेच. पन शेवटाला आवाज चिरकला, ते मला शनिवारी जमलं न्हवतं. या येळी कोनी हसलं न्हाई. मी मान खाली घातली.

अस्वल बोलनी खातंय हे मावशींच्या पदराआडून कोन तरी बघत हुतं. पोरगी भायेर आली. आईशेजारी उभी राहिली. एक हात कमरेवर, दुसऱ्याचं बोट माझ्या नाकावर.

"मुल्द्या! जीव खाल्ला!" तोच सूर, तीच चिरक. मग तिला लांबून बोलनं पुरेना. ती सरळ माझ्या मांडीवर चढली आन् समोरून, नाकाला नाक लावून, पुन्हा म्हनाली, "मुल्द्या!"

मावशींनी डोळ्यानं इशारा केला. न्हावी कात्री घेऊन तिच्या मागून पावलं न वाजवता पुढं सरकला. मला हसू फुटनार एवढ्यात ताई खालच्या आवाजात म्हनाली, "बस तसाच, मान खाली घालून. बोलू दे तिला काय बोलायचं ते. आन् तू तोंड उघडलंस तर बघ, कुनाच्याबी आवाजात."