घासलेला शंख

आमच्या विभागप्रमुखांना चमकणाऱ्या वस्तू आवडतात. ते स्वतःचे बूट चमकवत होते तोपर्यंत माझी काही हरकत नव्हती.

सुरतेत एखादी गोष्ट चारचौघांत मांडायची म्हटली की आधी तिला पॉलिश होतं. हिऱ्याला होतं, साडीच्या कापडाला होतं, लग्नाच्या हॉलच्या फरशीला होतं. मी इथेच, बमरोलीत, मागाच्या खडखडाटात वाढले, त्यामुळे ही सवय मला नवी नाही. पण दगड झालेल्या समुद्री गोगलगायीच्या शंखाला कोणी पॉलिश करेल, आणि तेही भूविज्ञानाच्या विभागात, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तो शंख मला किम नदीकाठच्या खडकात सापडला होता. बोटाएवढा, स्क्रूसारखा पिळाचा, टोकदार. टरिटेला म्हणतात या गोगलगायींना. कुळ ओळखायला अक्कल लागत नाही, जात ओळखायला लागते. या शंखांवर टोकापासून तोंडापर्यंत गोल फिरत उतरणारे बारीक कंगोरे असतात. अगदी टोकाशी, पिल्लाच्या वयातल्या वेढ्यांवर, कोणता कंगोरा आधी उगवला आणि कोणता मागून, यावर जात ठरते. आणि नेमकं टोकच बहुतेक वेळा तुटलेलं असतं. माझ्या शंखाचं टोक शाबूत होतं. जवळच्या, माहीत असलेल्या जातीत मधला कंगोरा आधी येतो. माझ्या शंखात खालचा आधी आला होता. म्हणजे ही जात कदाचित वेगळी होती, आजवर कोणी नोंदवलेली नव्हती. माझा सगळा प्रबंध त्या टोकावर उभा होता, आणि त्याचे जवळून फोटो काढायचे मी सुट्टीनंतरवर टाकले होते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी आईबरोबर गावी गेले. खानदेशातल्या बायकांना आखाजीला माहेरी जायचंच असतं, आणि आईला सोबत हवी होती. परत आले तर विभागात तपासणी समिती येणार म्हणून धावपळ चाललेली. काचेच्या कपाटात नवा निळा मखमली कपडा अंथरला होता आणि त्यावर माझ्या ट्रेमधले सगळे शंख मांडून ठेवले होते. गुळगुळीत, लखलखीत. पेढ्यांवर वर्ख लावावा तसे.

मला आधी काही कळलंच नाही. मग तळपायाची आग मस्तकाला गेली.

"जुओ बेन, केवो चमके छे!" विभागप्रमुख माझ्या मागे येऊन म्हणाले. त्यांच्या मेव्हण्याचा वराछात हिऱ्यांचा कारखाना आहे. माझा ट्रे त्यांनी तिकडे पाठवला होता आणि घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या फिरत्या चाकावर, एकेक शंख घासून आणला होता. एक पैसा न घेता करून दिलं म्हणे. माझ्यावर उपकारच.

कंगोरे गेले होते. वाढीच्या रेषा गेल्या होत्या. प्रत्येक शंखावर मी पांढरा ठिपका देऊन शाईने क्रमांक लिहिला होता, तोही गेला होता. माझा शंख मी ओळखला तो तोंडापाशी उडालेल्या टवक्यावरून. टोकाच्या जागी आता छान गोल बोंड होतं.

"सर, आता याची जात सांगता येणार नाही."

"अरे, आप तो जानती हो ना? लिख दो."

"माझ्या माहितीला पुरावा लागतो. तो तुम्ही घासून टाकला."

त्यांनी हात झटकला. जवळच्या जातीचं नाव टाका, समितीतलं कोण भिंग घेऊन बसणार आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि जाता जाता सहज आठवण करून दिली, की प्रबंधाच्या प्रत्येक चित्रावर त्यांची सही लागते. खोटं नाव लिहा आणि पदवी घ्या, एवढाच त्याचा अर्थ होता. कपाटात शंखापुढे ठेवायची नावाची चिठ्ठी मी लिहिली नाही. दुसऱ्या कोणीतरी लिहिली, चुकीचं नाव सुंदर अक्षरात. समिती आली, कपाटापुढे उभी राहून वा वा करून गेली.

मी घरी आले ती भांडायच्याच तयारीने, आणि भांडायला समोर फक्त आई होती. गच्चीवर तिने कपड्यावर बिबड्या, ज्वारीचे पापड, वाळत घातल्या होत्या. कपडा उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना दगड ठेवले होते. त्यातला एक करडा, मातकट दगड तिने धुवायला उचलला आणि दुसऱ्या हातात तारेची घासणी घेतली.

मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारची गच्ची बघायला लागली.

तो माझा दगड होता. शंख मी घरीच खडकातून सोडवला होता, आणि त्याला एका बाजूने चिकटलेला तुकडा अख्खा निघून आला होता. मी तो खिडकीत टाकून विसरले होते. दगड उलटा करून पाहिला. आत शंखाचा ठसा होता, टोकासकट.

"मी काय तुना सायेब शे का, मन्हावर वरडस ते?" आई म्हणाली. तिचंही बरोबर होतं. पण मला तेव्हा कोणाचंच बरोबर ऐकायचं नव्हतं. मी स्वयंपाकघरातून घट्ट कणकेचा गोळा आणला, तेलाचा हात लावून ठशात दाबला आणि हळूच सोडवला. कणकेवर कंगोरे उठून आले. टोकाशी एकच, खालचा. मी गच्चीवर बसून रडले, आणि ते आनंदाने नव्हे. अख्खा शंख माझ्याकडे होता, आणि आता मी कणकेकडे बघत होते.

पुढे त्या ठशाचा रबरी साचा नीट काढला. पण ठसा एकाच बाजूचा. नव्या जातीला नाव द्यायचं तर तेवढ्यावर भागत नाही. 'जवळच्या जातीहून वेगळी वाटते' एवढंच मला लिहिता आलं. ते 'वाटते' अजूनही घशात अडकतं.

विभागप्रमुखांनी एक अट घातली: चमकणाऱ्या शंखाचा फोटो प्रबंधात हवाच. मी घातला. साच्याच्या फोटोशेजारी, त्याच मापात. खाली लिहिलं: 'डावीकडे, दगडातल्या ठशाचा साचा. उजवीकडे, तोच शंख, विभागप्रमुखांनी हिऱ्याच्या घंटीवर घासून आणल्यानंतर. ओळखीसाठी निरुपयोगी.'

पान त्यांच्यापुढे ठेवलं. फोटो बघून ते खूश झाले, "मस्त आव्यो छे," म्हणाले, आणि बरोबर त्या ओळीखाली सही करून पान मला परत दिलं.