काट्यामागून दिसलेला पैसा

सराफाच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. माणूस सोनं मोडतो किंवा घेतो तेव्हा घरात काहीतरी घडलेलं असतं, आणि ते सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. आर्णीतल्या एका दुकानात मी बावीस वर्षं वजनकाट्यामागे बसते. त्यातले काही किस्से आठवले की अजूनही डोकं तापतं.

नोटबंदीचंच घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच बाहेर रांग. जुन्या नोटा घेऊन सोनं देताना आमच्या शेठनं भाव लावला नेहमीच्या दीडपट. "रिस्क माझी आहे," म्हणे.

रांगेत कौतुकाबाई होती, शाळेत खिचडी शिजवणारी. पाचशेच्या चौदा नोटा तिनं दारुड्या नवऱ्यापासून पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या. भाव ऐकून ती मागे फिरली. बँकेत दोन दिवस उभी राहिली, दोन्ही दिवस तिचा नंबर यायच्या आत कॅश संपली. तिचं स्वतःचं खातं नव्हतं. शेवटी नोटा नवऱ्याच्या खात्यात गेल्या.

आठवड्यानं भेटली तेव्हा गालावर वळ होता. म्हणाली, "ताई, माह्या घामाचे पैशे, अन् घरात चोर मीच ठरली."

मी शेठकडे पाहिलं. तो कॅलक्युलेटर पुसत होता.

मग ते दहाच्या नाण्याचं. ते खोटं असल्याची कुणीतरी अफवा सोडली आणि गावात ते कुणी घेईना. शेजारचे वाघमारे गुरुजी, रिटायर्ड, रोज आमच्याकडे पेपर वाचायला येतात. समोरच्या चहावाल्यानं नाणं परत केलं तेव्हा ते चिडले.

"काहून नाही घेत? सरकारनं काढलं ना?"

"सरकारनं काढलं गुरुजी, पण सरकार माह्याकडं चहा प्यायले येत नाही."

गुरुजी साठवलेली सगळी नाणी पिशवीत घालून तडक बँकेत गेले. अर्ध्या तासात परत आले, पिशवी तशीच. बँकेतला बाबू म्हणाला होता, "एवढी चिल्लर कायले आणली? नोटा नाहीत का?"

त्यांनी पिशवी आमच्या टेबलावर आपटली. "बँकेलेच नको असन, तर मंग हा पैसा हाय कोनाचा?"

पण सगळ्यात जास्त संताप येतो तो रामदासच्या वेळचा. रामदास आमचा कारागीर. मंगळसूत्राचे मणी ओवून ओवून डोळे अधू झाले बिचाऱ्याचे. ऑपरेशनसाठी अकरा वर्षं साठवलेलं त्यानं गावातल्या एका पतसंस्थेत ठेवलं, व्याज जास्त म्हणून.

एका मंगळवारी त्याच पतसंस्थेचे अध्यक्ष दुकानात आले. सोन्याची बिस्किटं घेतली, रोख. बिलं चार नावांनी फाडली. वजन मीच केलं. शेठनं स्पेशल चहा मागवला. रामदास जागेवरून उठला, हात जोडून म्हणाला, "साहेब, माही एफडी पुढच्या महिन्यात पिकते."

अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी कायले करता? पैसा सेफ आहे."

शुक्रवारी पतसंस्थेला कुलूप लागलं.

मी त्या चारही बिलांच्या झेरॉक्स पोलिसांत नेऊन दिल्या. शेठ महिनाभर माझ्याशी बोलला नाही. रामदासचं ऑपरेशन अजून झालेलं नाही. कुलूप लागलं त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "सेफच होता ना ताई. माह्याच समोर वजन झालं त्याचं."

आता शेवटचा. तांड्यावरची एक म्हातारी वर्षातून एकदा दुकानात येते. बंजारा बाई, आम्ही सगळे तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. गळ्यात चांदीच्या जुन्या रुपयांचा हार, तिच्या सासूच्या सासूचा. विकत काहीच नाही. हार काढते, काट्यावर ठेवते आणि विचारते, "किती?"

"मागच्या साली होता तेवढाच, याडी."

यंदा चांदी भडकलेली. शेठला राहवलं नाही. त्यानं पाचशेच्या नोटांचं एक बंडल तिच्यापुढे ठेवलं. "देऊन टाक याडी. एवढा भाव कधीच आला नव्हता."

याडीनं बंडलातून एक नोट ओढली, उलटसुलट करून पाहिली आणि काट्यावर ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "किती?"

मी आकडा वाचला. "एक ग्रॅमही नाही."

याडीनं नोट शेठच्या हातात परत दिली, हार गळ्यात घातला आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेली.